कोळवण-तिकोना-पवना फेरी आणि भाड्याची रोड बाइक

रस्त्याला पैकीच्या पैकी, सायकलीला काठावर पास आणि सोबत दिलेल्या जादा ट्यूबला भोपळा. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

मी पुण्यात कर्वेनगरात औषधांचं दुकान चालवते, वय एक्कावन्न. आठवड्यातून तीनदा सायकल होते, तीही माझ्या जुन्या हायब्रिडवर, म्हणजे सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकलीवर. माझा भाचा तिला म्हैस म्हणतो. "मावशी, एकदा खरी रोड बाइक चालवून बघ, मग बोल," हे दोन वर्षं ऐकून घेतलं आणि शेवटी ऑक्टोबरातल्या एका रविवारासाठी दोघांना दोन रोड बाइक, म्हणजे वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या वेगाच्या सायकली, भाड्याने घेतल्या. दिवसाला नऊशे रुपये, पाच हजार अनामत, शिवाय आधारकार्डाची प्रत. दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथला मुलगा बोलायला गोड आहे आणि अशी दुकानं मुळात आहेत याचंच मला कौतुक आहे.

शनिवारी संध्याकाळी सायकली घेतल्या. सीटची उंची त्याने न सांगता नीट लावून दिली, ब्रेक दाबून दाखवले, चेन चकचकीत. मग अभिमानाने म्हणाला, "मॅडम, टायर एकदम टाइट केलेत, एकशे दहा!" एकशे दहा म्हणजे पीएसआय, हवेचा दाब. मी अंगठा दाबून पाहिला. वरवंटा बरा. तेव्हाच बोलायला हवं होतं. सीटखालच्या छोट्या पिशवीत जादा ट्यूब, पाने आणि हातपंप असल्याचंही त्याने सांगितलं. पिशवी मी उघडली नाही. औषधाचं पाकीट उघडून तारीख बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला न देणारी बाई मी, पण तिथे उघडली नाही.

मुळशी-ताम्हिणी का नाही, असं बरेच जण विचारतात. तो रस्ता सुंदरच आहे, पण सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊनंतर तो मोटारींचा असतो. त्याऐवजी आमची फेरी अशी: पौडला उजवीकडे वळून कोळवण, हडशी, जवण, तिकोना पेठ, पवनानगर, मग खिंड ओलांडून कामशेत आणि जुन्या मुंबई-पुणे हायवेने परत. साधारण एकशे वीस किलोमीटर होतात.

पहाटे सव्वापाचला चांदणी चौक. जुना पूल २०२२ मध्ये पाडला, २०२३ मध्ये नवा आला, तेव्हापासून मोटारवाले खूश आहेत. सायकलवाल्याला मात्र अंधारात कुठला फाटा कुठे नेऊन टाकेल याचा नेम नाही. आदल्या दिवशी एकदा उजेडात बघून या. भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट, एवढा पट्टा सहाच्या आत उरकायचा, नंतर तिथे ट्रक आणि कंपन्यांच्या बसेस.

पौडला पहिला चहा. हातांना तोवर मुंग्या आलेल्या. रस्त्यातली प्रत्येक भेग हँडलातून थेट कोपरापर्यंत पोचत होती. भाचा म्हणाला, रोड बाइक अशीच असते. मी गप्प.

पौडहून वळलं की दोन मिनिटांत जग बदलतं. कोळवणचं खोरं म्हणजे दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये भातच भात. ऑक्टोबरात लोंब्या भरून वाकलेल्या असतात, सकाळच्या दमट हवेत इंद्रायणीचा वास येतो. (हा तांदूळ तयार झाला तोही याच फेरीवर परतताना लागणाऱ्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात. घरी शिजताना वास येतो त्याहून शेतातला वास हिरवा असतो.) डोंगरउतारांवर सोनकीची पिवळी झाक अजून शिल्लक होती. मागून दुधाचे कॅन लटकवलेली मोटारसायकल आली आणि शेजारी रेंगाळली.

"कुठं निघालात ताई?"

"पवना धरणाला."

"आन् आला कुठनं?"

"कर्वेनगर."

त्याने थोडा विचार केला. "मग सोमाटण्यावरनं जवळ पडलं असतं की."

त्याला काय सांगणार! हसून पुढे निघालो.

हडशीचं विठ्ठल मंदिर मागे पडलं की चढ सुरू होतो. सायकलीचे निम्मे गुण गेले ते इथे. पुढे पन्नास आणि चौतीस दातांच्या दोन चकत्या होत्या, मागे सगळ्यांत मोठी चकती अठ्ठावीस दातांची. म्हणजे सगळ्यांत हलक्या गिअरलाही पायडलाच्या एका फेऱ्यात मागचं चाक सव्वा वेळाला जेमतेम कमी फिरणार. माझ्या म्हशीला पुढे अठ्ठावीस, मागे चौतीस. तिथे हेच पाऊण वेळेच्या जरा वर येतं. कागदावर फरक बारीक दिसतो, पण चढावर गुडघे त्याचा हिशेब पैन्‌पै मागतात. शेवटच्या दोन वळणांना मी उतरून चालले. भाचा वर उभा राहून फोटो काढत होता, त्याचं सव्वीस वय त्याला लखलाभ. पन्नाशीच्या पुढे असाल, किंवा या बाजूला पहिल्यांदा येत असाल, तर भाड्याने घेताना मागे बत्तीस किंवा चौतीस दातांची चकती आहे का एवढं विचारा. नसेल तर दुसरी सायकल मागा.

उतारावर मात्र कबूल करते की अशी गंमत म्हशीवर नाही. दहा किलोची सायकल, हात खालच्या हँडलवर, मन होईल तिकडे वळते. समोर अचानक पवनेचं पाणी उघडतं, उजवीकडे तिकोना किल्ला, पलीकडे तुंग किल्ल्याचा सुळका. मी "अगं बाई" म्हणाले आणि पाठोपाठ मागून फुस्स झालं.

बाभळीचा काटा. भाच्याने रुबाबात पिशवी उघडली, ट्यूब काढली आणि तिच्याकडे बघतच राहिला. रोड बाइकच्या रिमला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं भोक असतं. ट्यूब होती मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची. ती आत जाणारच नव्हती, रिम कापली असती तरच गेली असती. पिशवीत पॅच मात्र निघाले. जवळच्या घरातून एका मुलाने घमेल्यात पाणी आणून दिलं आणि बुडबुडा त्यानेच आधी शोधला. "हितं हितं!" घासकागद, सोल्युशन, फुंकर, पॅच. मुलाच्या आजीने तेवढ्यात चहा टाकला आणि पैसे घेतले नाहीत. काट्याचं टोक टायरमध्ये राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. आमचं राहिलं होतं, ते पुन्हा काढावं लागलं.

हातपंपाने मारून मारून हवा सत्तरपर्यंतच गेली. त्याच्या पुढे भाच्याचे हात गेले. आणि काय सांगू, सायकल एकदम शहाणी झाली! खडबडीत डांबर होतं तेच, पण हादरे गायब. मी थांबून पुढच्या चाकातलीही हवा सोडली. अठ्ठावन्न किलोच्या बाईला पंचवीस एमएमच्या टायरमध्ये एकशे दहा कशाला लागतंय? सत्तर-पंचाहत्तर पुरे. सकाळचे तीन तास मी उगाच खडे मोजत आले होते.

तिकोना पेठ ते पवनानगर हा या फेरीचा प्राण आहे. रस्ता पाण्याला कधी चिकटतो, कधी झाडीत शिरतो. उत्तरेला लोहगड-विसापूरची जोडगोळी. लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आता तिथे गर्दी किती वाढेल देव जाणे. जलाशयात वाघेश्वराचं जुनं देऊळ आहे, ते उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं. ऑक्टोबरात तिथे नुसतं निळं पाणी. पाणी सुंदर दिसतं खरं, पण पलीकडच्या खोऱ्यात टाटांच्या मुळशी धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता, ते मला पवनेकाठीही आठवतंच. काठावरच्या तंबूवाल्यांच्या स्पीकरवर गाणी चालू होती.

पवनानगरला वडापाव, मिरची तिखट, पाव ताजा. खिंडीचा चढ बेताचा. पुढे कामशेत ते देहूरोड हे निव्वळ कर्तव्य आहे: ऊन, ट्रक आणि उजव्या खांद्यावर नजर. द्रुतगती मार्गावर चुकून चढू नका, तिथे सायकलीला बंदी आहे. अडीचला घरी.

सायकली परत करताना ट्यूब त्या मुलासमोर ठेवली. त्याने उलटसुलट बघितली, खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"सॉरी मॅडम. इतके दिवस तीच देतोय सगळ्यांना. कोणी उघडलीच नाही."

अनामत पूर्ण मिळाली. धुण्याचे शंभर रुपये कापणार होता, ते भाच्याने नुसतं बघितल्यावर राहिले.