ऑर्लँडोत एका दिवसात दोन पार्क: हॉपर घ्यावं की एक दिवस वाढवावा?

डिस्ने वर्ल्डची तिकिटं काढायला बसलं की तिसऱ्या-चौथ्या पानावर 'पार्क हॉपर'चा पर्याय समोर येतो. साध्या तिकिटावर दिवसाला एकच पार्क. हॉपरवर त्याच दिवशी हवी तितकी पार्क बदला. भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांच्या शाळेला मोजकी सुट्टी असते, तिकिटं काढणाऱ्याच्या मनात 'एवढं आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ' हे चालू असतं, आणि बोट आपोआप महागड्या पर्यायाकडे जातं.

इमॅजिकाचा अंदाज इथे लावू नका. खोपोलीत थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारी शेजारी आहेत. डिस्ने वर्ल्डचा पसारा सुमारे १०० चौरस किलोमीटरचा, आणि मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज व अ‍ॅनिमल किंगडम ही चार पार्क त्यात विखुरलेली. त्यामुळे हॉपर फायद्याचा की तोट्याचा, हे बरंचसं कोणत्या पार्कातून कोणत्या पार्कात जाताय यावर ठरतं.

सगळ्यात सोपी जोडी हॉलिवूड स्टुडिओज आणि एप्कॉटची. दोन्हींमध्ये स्कायलायनर या रोपवेचे पाळणे आहेत, मधे एकदा बदलावे लागतात. बोट आहे, आणि चालायची तयारी असेल तर अर्ध्या तासाच्या आतली पायवाटही. सकाळी हॉलिवूड स्टुडिओजमधल्या गर्दीच्या राइड्स आटपून दुपारनंतर एप्कॉट गाठायचं, हा क्रम घड्याळालाही धरून आहे, कारण एप्कॉटमधला ११ देशांचा वर्ल्ड शोकेस हा भाग मुळात सकाळी ११ च्या सुमारास उघडतो. संध्याकाळी तळ्याकाठी बाकं असतात, वेगवेगळ्या देशांचं खाणं असतं, आजी-आजोबांना धावपळ नाही. त्यांना लिव्हिंग विथ द लँड ही बोटीची राइड जरूर दाखवा. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या आणि टांगलेले भोपळे बघताना गावाकडे शेती असलेले आजोबा हमखास 'पाणी कसं देतात?' विचारतात. घरातलं मूल ३८ इंचांहून बुटकं असेल तर ही जोडी आणखी पटते. त्याला हॉलिवूड स्टुडिओजमधली स्लिंकी डॉग ही रोलर कोस्टरसुद्धा मिळत नाही, मग तिथे अख्खा दिवस कशाला घालवायचा?

मॅजिक किंगडम ते एप्कॉट कागदावर सोपं दिसतं, मोनोरेल आहे ना! प्रत्यक्षात मॅजिक किंगडमच्या फाटकाबाहेर येऊन एक मोनोरेल पकडायची, ट्रान्सपोर्टेशन सेंटरला उतरायचं, उतारावरून खाली, पुन्हा वर, दुसऱ्या मोनोरेलची वाट पाहायची. एका हातात स्ट्रोलर, दुसऱ्या हाताला दमलेली आई. सुरळीत झालं तरी पाऊण तास धरून चाला. शिवाय मॅजिक किंगडममध्येच लहान मुलांसाठी इतकं आहे की दिवस पुरत नाही. पाच वर्षांचं मूल असेल तर तिथून हलूच नये, असं माझं मत.

याला एक अपवाद आहे. ऑगस्टपासून हॅलोविनपर्यंत आणि पुढे नाताळाच्या आधी, काही ठरावीक रात्री मॅजिक किंगडममध्ये वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी आपल्यासारख्या साध्या तिकीटवाल्यांना संध्याकाळी ६ वाजता बाहेर पडावं लागतं. पण म्हणूनच दिवसा तिथे गर्दी कमी असते. असा दिवस निवडून दिवसभर मॅजिक किंगडम आणि रात्रीची आतषबाजी एप्कॉटला, हा हॉपरचा खरा वसूल उपयोग.

अ‍ॅनिमल किंगडम बाकीच्या तिन्हींपासून बाजूला. जायला बस किंवा गाडीच. ते लवकर बंद होतं आणि सफारी सकाळी छान होते, म्हणून तिथून दुपारी निघून दुसरीकडे जाणारे बरेच. पण बसमध्ये स्ट्रोलर घडी करून चढवावा लागतो, आणि मूल नेमकं त्यातच झोपलेलं असतं. आमच्याकडे अशा दुपारी हॉटेलवर परतून दोन तास आडवं होण्याच्या बाजूनेच मतं पडतात. उन्हाळ्यात तर दुपारची वादळं ठरलेली. विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राइड्स आणि स्कायलायनरही थांबतात.

गाडीने जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पार्किंगचे पैसे एकदा भरले की त्या दिवशी चारही पार्कांना चालतात. पण गाडी हॉलिवूड स्टुडिओजला लावून पाळण्याने एप्कॉटला गेलात, तर रात्री गाडीसाठी उलट यावं लागतं. भाड्याचा स्ट्रोलर मात्र फाटकापाशी सोडून द्या. पावती दाखवली की दुसऱ्या पार्कात त्याच दिवशी नवा मिळतो.

रांग टाळणाऱ्या लाइटनिंग लेन मल्टी पासचं गणितही बघा. आधीपासून राखून ठेवायच्या तिन्ही राइड्स एकाच पार्कातल्या असाव्या लागतात. त्यातली एक वापरली की मग दुसऱ्या पार्कातली घेता येते, तोवर चांगल्या वेळा बहुधा गेलेल्या असतात. म्हणजे दुसरं पार्क फिरायला, जेवायला आणि आतषबाजीला, असं मनाशी धरूनच जावं.

ऑर्लँडोतच असलेल्या युनिव्हर्सलचं गणित वेगळं. युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर ही दोन पार्क काही मिनिटांच्या चालण्यावर. हॅरी पॉटरची दुनिया दोन्हींत वाटलेली आहे, हॉग्जमीड एकीकडे, डायगन अ‍ॅली दुसरीकडे, आणि मधल्या हॉगवर्ट्स एक्स्प्रेसमध्ये बसायला दोन्ही पार्कांचं तिकीट लागतंच. घरात पॉटरवेडं पोर असेल तर चर्चेला जागाच नाही, घेऊन टाका. मे २०२५ मध्ये उघडलेलं युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे पार्क मात्र तिथून काही मैलांवर आहे. त्याला स्वतंत्र दिवस द्या.

आता पैशांचं. हॉपरची जादा रक्कम माणशी लागते, तीन वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाची. सहा जणांच्या घरात ती बघता बघता फुगते. डिस्नेचं तिकीट जितक्या जास्त दिवसांचं, तितका दर दिवसाचा भाव उतरतो. म्हणून दोन आकडे शेजारी मांडा: चार दिवस हॉपरसह, आणि पाच दिवस साधं. दुसरा आकडा जवळपास तेवढाच असेल आणि हॉटेलची एक रात्र परवडत असेल, तर आई-बाबा बरोबर असताना मी डोळे झाकून पाचवा दिवस घेईन. हातात दोनच दिवस असतील आणि मुलं दहाच्या पुढची, पायाने दणकट असतील, तर हॉपर.

तरीही मन ठरत नसेल तर साधं तिकीट काढून निघा. तिकिटाचे दिवस शिल्लक असेपर्यंत फरक भरून हॉपर जोडता येतो. एकदा घेतलेला हॉपर काढून पैसे परत मिळत नाहीत.