टॅली प्राइम शिकायला काय कामाचं आणि काय नाही, माझा अनुभव

दहा वर्षांच्या गॅपनंतर परत अकाउंट्सचं काम करायचं ठरवलं. बीकॉमनंतर मी शिकले होते ईआरपी ९, म्हणजे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, आणि आता जिथे जाल तिथे नवी आवृत्ती, टॅली प्राइम. ते नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, म्हणजे मी घरी असतानाच सगळं बदललं. म्हणून आधी घराजवळ एक क्लास लावला, साडेचार हजार फी, दोन महिने.

क्लासबद्दल खरं सांगते, कॉम्प्युटरवर प्राइम होतं पण हातात दिलेल्या झेरॉक्स नोट्स ईआरपी ९ च्या. नोट्समध्ये लिहिलेलं, अकाउंट्स इन्फो मग लेजर्स (म्हणजे खाती) मग क्रिएट. स्क्रीनवर अकाउंट्स इन्फो नावाचं काही नाहीच, प्राइममध्ये गेटवे ऑफ टॅलीवर, म्हणजे मुख्य स्क्रीनवर, मास्टर्सखाली सरळ क्रिएट आहे. माझ्या शेजारी बारावी झालेली एक मुलगी बसायची, तिने टॅली आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेलं, ती बिचारी पूर्ण तास ते अकाउंट्स इन्फो शोधत राहिली आणि तिला वाटलं आपल्यालाच जमत नाही. मला याचा फार राग आला. नवीन शिकणाऱ्याला चूक नोट्सची आहे हे कळणार कसं?

मग घरी येऊन स्वतःच सुरू केलं. टॅलीच्या वेबसाइटवरून प्राइम डाउनलोड करून एज्युकेशनल मोडमध्ये चालवलं, याला लायसन्स लागत नाही, एक पैसा नाही. फक्त एक गोष्ट आधीच माहीत हवी, त्यात व्हाउचरला, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीला, महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा चालतात. मी ५ तारखेचं पर्चेस टाकत होते आणि ते घेईना, तासभर गेला त्यात. आता सगळ्या एंट्र्या १ आणि २ तारखेला टाकते, सरावाला तेवढं पुरतं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला टॅलीहेल्पचा, म्हणजे कंपनीची स्वतःची ऑनलाइन मदत. इंग्रजी सोपं आहे, स्क्रीनचे फोटो आहेत, आणि माहिती नव्या रिलीजप्रमाणे असते. त्यातलं शॉर्टकट कीजचं पान मी प्रिंट काढून भिंतीला लावलंय. एफ ४ ते एफ ९ तेच आहेत, कॉन्ट्रा पेमेंट रिसीट जर्नल सेल्स पर्चेस, पण क्रेडिट नोट (विकलेला माल परत आला की करतात ती नोंद) आधी कंट्रोल एफ ८ होती ती आता ऑल्ट एफ ६, आणि इन्व्हॉइसचा मोड बदलायला कंट्रोल एच. आणि ऑल्ट जी, म्हणजे गो टू, हे तर पहिल्याच दिवशी शिकून घ्या. कुठे काय आहे आठवत नसेल तर ऑल्ट जी दाबून लेजर किंवा ट्रायल बॅलन्स टाइप करायचं की झालं, व्हाउचर अर्धं भरलेलं असताना पण दुसरा रिपोर्ट बघता येतो.

यूट्यूबवर मराठीत भरपूर व्हिडिओ आहेत, काही खरंच छान, नावे-जमा आपल्या भाषेत समजावतात. ज्याला पुस्तपालनच येत नाही त्याने इथूनच सुरुवात करावी, कारण टॅलीहेल्प बटणं दाखवतं पण भाड्याचा खर्च नावे का पडतो हे व्हिडिओतल्या बोलण्यातूनच चांगलं कळतं. पण व्हिडिओची तारीख बघितल्याशिवाय प्ले करू नका. २०२३ मध्ये प्राइमचं ३.० रिलीज आलं तेव्हा जीएसटीचा भाग बराच बदलला, एकाच कंपनीत एकापेक्षा जास्त जीएसटी नंबर ठेवता येऊ लागले, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओतली स्क्रीन तुमच्या स्क्रीनशी जुळणार नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दरच बदलले, १२ टक्के आणि २८ टक्के जवळजवळ गेलेच, आणि जुन्या व्हिडिओत अजून १२ टक्क्याने बिल बनवून दाखवतात.

त्या मुलीला मी आता रविवारी घरी बोलावते. किराणा दुकानाची एक खोटी कंपनी बनवलीय आम्ही, तिने परवा पूर्ण सेल्स बिल सीजीएसटी एसजीएसटीसकट (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) माऊसला हात न लावता टाकलं, कंट्रोल ए दाबून सेव्ह केलं आणि लगेच म्हणाली, ताई अजून एक टाकू का?