जोडतारे टिपायला लकी इमेजिंग बरं की स्पेकल?

दुर्बिणीतून फोटो घेताना हवेच्या थरथरीवर मात करायच्या या दोन पद्धती. दोन्हीकडे सुरुवात सारखीच: १०-२० मिलिसेकंदांच्या हजारो फ्रेम घ्यायच्या, म्हणजे हवेची थरथर फ्रेमपुरती गोठते.

लकीमध्ये सुबक फ्रेम ठेवायच्या, बाकीच्यांना कचऱ्याची टोपली. पुण्यातल्या गच्चीवरच्या २० सेंटिमीटर दुर्बिणीला हे छान मानवतं. मोठीला नाही. प्रकाशशास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये हिशेब मांडला: हवेचा जेवढा पट्टा त्या क्षणी एकसंध असतो, त्याच्या सातपट आरसा असेल तर साधारण ३५० फ्रेममागे एक चांगली, दहापट झाला की दहा लाखांत एक! आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची गिरवलीची दुर्बीण तर २ मीटरची.

तिथे स्पेकल इंटरफेरोमेट्री. १९७० साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंत्वान लाबेरी यांनी दाखवलं की विस्कटलेली फ्रेमही कामाची असते. हवेमुळे ताऱ्याचे तिच्यात अनेक ठिपके होतात; एकेक ठिपका दुर्बिणीच्या विभेदनक्षमतेइतका, म्हणजे तिला वेगळा दाखवता येईल तितका बारीक असतो, आणि जोडतारा असेल तर प्रत्येक ठिपक्याला ठरावीक अंतरावर, ठरावीक दिशेला जोडीदार. सगळ्या फ्रेमच्या पॉवर स्पेक्ट्रमची (चित्रात कुठल्या अंतरावरची पुनरावृत्ती किती ठळक, याच्या गणिती आलेखाची) सरासरी काढली की समांतर पट्टे उमटतात. पट्टे जितके दाट, तितके तारे लांब. गोम अशी की साध्या पद्धतीत १८० अंशांचा घोळ राहतो. सोबती या बाजूला की त्या, कळत नाही. शिवाय हाती फोटो नाही, आकडे येतात.

चंद्र-गुरूसाठी लकीच, स्पेकलच्या नादी लागू नका. कॅस्टर या जोडताऱ्यातलं अंतर पाचेक विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), त्यालाही लकी पुरे. विकलेच्या आत शिरायचं असेल तर स्पेकल शिका. आणि पद्धत कुठलीही असो, दिवसभर तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळीच दुर्बीण मांडू नका.