प्रॉक्समॉक्सचे आठ महिने आणि स्थलांतरानंतर अडलेले नेटवर्क

सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची संगणक व्यवस्था मी सांभाळतो. एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवण्यासाठी आम्ही व्हीएमवेअर कंपनीचे सॉफ्टवेअर वापरत होतो. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबून वर्गणीची पद्धत आली, तेव्हा आमची दोन व्हर्च्युअल मशीन प्रॉक्समॉक्स या तशाच कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर हलवण्याचे आम्ही ठरवले. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत माग बंद होते, त्याच वेळी हे काम उरकले.

स्थलांतर सोपे गेले. प्रॉक्समॉक्सच्या ८.२ आवृत्तीपासून ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची प्रणाली) सर्व्हरवरील मशीन थेट आयात करता येते आणि ती सोय खरोखर चांगली आहे. दोन्ही मशीन सुरू झाली, पण एकही नेटवर्कवर दिसेना.

लिनक्सच्या मशीनचे कारण लवकर सापडले. तिथे नेटवर्क कार्डाचे नाव ते कोणत्या स्लॉटमध्ये आहे यावरून ठरते. पूर्वी ते ईएनएस१९२ होते, आता ईएनएस१८ झाले, आणि नेटप्लॅनच्या, म्हणजे नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्ये मात्र जुनेच नाव राहिले होते. नाव बदलताच पिंग (संपर्क होतो का ते तपासणारा संदेश) लागले. विंडोजच्या मशीनमध्ये आधी व्हर्टआयओचा, म्हणजे प्रॉक्समॉक्समधल्या आभासी कार्डाचा, ड्रायव्हर टाकावा लागला. त्यानंतर जुना स्थिर आयपी द्यायला गेलो, तर तो दुसऱ्या कार्डाकडे असल्याची सूचना आली. ते दुसरे कार्ड म्हणजे जुन्या सर्व्हरवरचे, आता अस्तित्वात नसलेले कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून ते काढून टाकले.

खरा वेळ गेला तो पुढच्या अडचणीत. विंडोजचे मशीन कारखान्यातल्या सर्व संगणकांना दिसत होते, गेटवेलाही (बाहेर जाण्याचा मार्ग असलेल्या राउटरलाही) पिंग लागत होते, पण बाहेर काहीच पोहोचत नव्हते; निर्यातीची कागदपत्रे त्याच मशीनवरून जात असल्यामुळे ही गोष्ट टाळता येण्यासारखी नव्हती. मी ब्रिज (मशीनना खऱ्या नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) तपासला, प्रॉक्समॉक्सची फायरवॉल बंद करून पाहिली, केबलसुद्धा बदलली. शेवटी लक्षात आले की बाहेर जाण्याची परवानगी राउटरवर मॅक पत्ता (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) पाहून दिली जात होती आणि तिथे ००:५०:५६ ने सुरू होणारा जुना पत्ता नोंदलेला होता, तर नव्या कार्डाला बीसी:२४:११ ने सुरू होणारा पत्ता मिळाला होता. हा नियम मीच दोन वर्षांपूर्वी लिहिला होता. प्रॉक्समॉक्समध्ये कार्डाला जुना मॅक पत्ता देता येतो. तो दिला आणि अडचण मिटली. म्हणून हलवण्याआधी प्रत्येक मशीनचा मॅक पत्ता, आयपी, गेटवे, डीएनएस (नावांवरून पत्ते शोधणारा सर्व्हर) आणि व्हीलॅन (नेटवर्कचा आभासी विभाग) क्रमांक वहीत उतरवून ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

जुना पत्ता जपण्याचा हा उपाय मे महिन्यात मात्र आमच्यावरच उलटला. दुपारी बराच वेळ वीज गेली होती. ती आल्यावर पॅकिंग विभागाच्या लेबल प्रिंटरची विंडोजच्या मशीनशी असलेली जोडणी दर मिनिटाला तुटू लागली. पिंगची चार उत्तरे येत, मग सहा येत नसत. स्विचवर पाहिले तर एकच मॅक पत्ता कधी एका पोर्टवर, कधी दुसऱ्यावर दिसत होता. सुरक्षिततेसाठी ठेवलेला जुना सर्व्हर वीज येताच आपोआप चालू झाला होता आणि त्यावरचे जुने मशीनही त्याच्या स्वयंचलित सुरुवातीच्या सेटिंगमुळे जागे झाले होते. एकाच पत्त्याची दोन मशीन एका नेटवर्कवर असल्यावर दुसरे काय होणार? त्या सर्व्हरची नेटवर्क केबल मी लगेच काढली आणि जुन्या मशीनची ती सेटिंग बंद केली.

त्यानंतर आजपर्यंत नेटवर्क एकदाही तुटलेले नाही. रोज रात्रीचा बॅकअप प्रॉक्समॉक्स स्वतः घेतो आणि जुलैमध्ये एक मशीन त्यातून पुन्हा उभे करून पाहिले, तेव्हा मॅक पत्ता जसाच्या तसा आल्यामुळे नेटवर्कला हातही लावावा लागला नाही. मूळ मशीन तेवढे मी आधी बंद केले होते.