बेलापूर किल्ला: जेवढा उरलाय तेवढा तरी बघून या (५ पैकी ४ स्टार)

नवी मुंबईत नेरुळला राहायला येऊन अकरा वर्षं झाली. पाम बीच रोडवरून किल्ला जंक्शनला हजार वेळा वळलो असेन, रिक्षावाल्याला पण "किल्ला गावठाण" सांगून कितीदा गेलोय, पण ज्याच्यावरून हे नाव पडलं तो किल्ला नेमका कुठाय हे कधी डोक्यातच आलं नाही. मुलीला यंदा सातवीत परिसरातली ऐतिहासिक वास्तू असा प्रोजेक्ट मिळाला म्हणून मागच्या रविवारी सकाळी सातला निघालो, सोबत मित्राचे वडील होते, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, त्यांचं लहानपण बेलापूर गावातच गेलंय. ते सोबत नसते तर वीस मिनिटांत परत आलो असतो हे आधीच सांगतो.

महादरवाजा, तोफा, राजवाड्याची जोती असं काही मनात धरून जाणार असाल तर नाराज व्हाल. छोटी टेकडी, भरपूर झाडी, मधेच पडक्या भिंती आणि बुरुज. तिकीट नाही, माहिती सांगणारं कोणी नाही, प्यायचं पाणी आणि टॉयलेट पण आम्हाला कुठे दिसलं नाही. पहिली पाच मिनिटं मुलीचा चेहरा पडलेला होता, "बाबा एवढंच?" म्हणाली.

मग आप्पांनी तिला खाडीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले आता समज तू पहारेकरी आहेस, काय दिसतं सांग. तिथून पुढे सगळं बदललं. पनवेलची खाडी इथून बाहेर पडून ठाण्याच्या खाडीला मिळते. बोरघाट उतरून आलेला देशावरचा माल पनवेल बंदरात यायचा आणि तिथून होडीने मुंबईला जायचा, म्हणजे प्रत्येक पडाव, प्रत्येक मचवा या टेकडीच्या नजरेखालून जाणार. एवढ्याशा टेकडीसाठी सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज सगळे का भांडले ते तिथे उभं राहिलं की लगेच कळतं, पुस्तकात चार वेळा वाचून मला नव्हतं कळलं.

थोडा इतिहास लिहितो कारण तिथे वाचायला मिळणार नाही. सोळाव्या शतकात जंजिऱ्याच्या सिद्दींनी बांधला, १६८२ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि त्यांच्याकडून चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांकडे आला. आधी या भागाला शहाबाज म्हणायचे, ते गाव अजून आहेच. चिमाजी अप्पांनी नवस बोलला होता की किल्ला मिळाला तर जवळच्या अमृतेश्वराला बेलाच्या पानांचा हार घालीन, आणि त्यावरून बेलापूर, अशी गोष्ट इथे सांगतात. खरी असो नसो, मला आवडते. त्या वेळी इथे चार तुकड्या, प्रत्येकी १८० माणसं आणि १४ तोफा असायच्या असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे सातशे वीस माणसं! आज तिथे उभं राहून एवढी माणसं कुठे झोपत असतील, पाणी कुठून भरत असतील हाच विचार मुलगी करत बसली.

शेवट मात्र मला लागला. १३ जून १८१७ ला दुसऱ्या बाजीरावाने पुण्याच्या तहावर सही केली, त्यात इंग्रजांना दिलेल्या मुलखात बेलापूर परगण्याचं नाव आहे, आणि बरोब्बर दहा दिवसांनी २३ जूनला कॅप्टन चार्ल्स ग्रेने किल्ला ताब्यात घेतला. नंतर इंग्रजांनी बराचसा पाडून टाकला, मराठ्यांना परत कधी आसरा घेता येऊ नये म्हणून. म्हणजे आपण जे पडकं बघतो ते नुसतं पावसापाण्याने पडलेलं नाही, मुद्दाम पाडलेलं पण आहे. हे मी सांगितल्यावर मुलगी त्या दगडांना हात लावून लावून बघायला लागली.

आप्पा म्हणाले इथून घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाला, भुयार जातं असं ते लहानपणापासून ऐकत आलेत. घारापुरी इथून दहा-बारा किलोमीटर आणि मधे समुद्र, त्यामुळे मला तरी हे पटत नाही, पण गावातल्या माणसाच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा येतो एवढं नक्की.

एक स्टार का कापला तर देखभाल. भिंतींच्या फटीत पिंपळ आणि वड शिरलेत, मुळं जाडजूड झाली की चुना सुटतो आणि दगड सरकतात, आणि ही झाडं नुसती वरून छाटून काही होत नाही, मूळ राहिलं की पुढच्या पावसात परत फुटतात. दगडांवर खडूने, रंगाने नावं लिहिलीत. एका कोपऱ्यात फुटलेल्या बाटल्या होत्या, आम्ही तिघांनी जमतील तेवढ्या पिशवीत भरून खाली आणल्या. ज्यांच्याकडे ही जबाबदारी आहे त्यांनी निदान मराठीतून एक फलक आणि दोन कचऱ्याचे डबे तरी लावावेत, कळकळीची विनंती आहे.

ठाण्याच्या मित्रांना एक सांगतो, तुमचा किल्ला आमच्यापेक्षा कितीतरी धड आहे पण त्यात मध्यवर्ती कारागृह आहे, दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून जिथून निसटले तोच, आत जाऊन बघता येत नाही. इथे निदान तटाला हात लावता येतो.

जायचं असेल तर हार्बर लाइनच्या लोकलने सीबीडी बेलापूर, तिथून रिक्षा. बूट घालाच, पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं आणि आप्पांच्या म्हणण्यानुसार सापही निघतात, भिंतींवर चढू नका, दगड हलतात. थंडीत गेलात तर पाम बीचच्या बाजूच्या पाणथळीत फ्लेमिंगो पण बघून होतील. आणि ओळखीत गावठाणातलं कोणी जुनं माणूस असेल तर त्यांना सोबत न्या, आप्पा उतरताना मुलीला सांगत होते की ते पोहायला कुठे शिकले, आता तिथे बिल्डिंग आहे.