वॅक्स की सिरॅमिक कोटिंग?

लातूरच्या भाच्याने नवी गाडी घेतली. "मामा, कोटिंग करू की वॅक्सवर भागवू?" वॅक्स म्हणजे रंगावर हाताने चोळायचं मेण, सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर बसवायचा कडक, पारदर्शक थर.

खर्चात तुलनाच नाही. वॅक्सचा डबा चार-पाचशेत येतो, बरेच दिवस पुरतो. कोटिंगला हजारो मोजावे लागतात. टिकायला मात्र वॅक्स दोन-तीन महिने, आपल्याकडच्या 42 अंशांच्या उन्हात त्याहून कमी. कोटिंग नीट बसलं तर दोनेक वर्षं जातं.

खरी गोम पाण्यात आहे. बोअरचं जड पाणी तापल्या बॉनेटवर वाळलं की क्षारांचे पांढरे गोल उमटतात. कोटिंगवरही उमटतात, दुकानदार काही म्हणो. माझ्या काळ्या गाडीवरचे व्हिनेगर-पाण्याने निघाले, दोन मात्र अजून तसेच आहेत. म्हणून सकाळी सावलीत धुवायची, लगेच मायक्रोफायबरने टिपायची. कोरड्या फडक्याने धूळ पुसायची नाही, ओरखडे तिथूनच पडतात.

मेहनतीत कोटिंग सरस. चिखल पटकन सुटतो, दोन बादल्यांत भागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्याला हे कळेल.

गाडी उघड्यावर राहते आणि पाच-सात वर्षं वापरायची आहे, तर कोटिंग. शेडमध्ये असते आणि रविवारी तासभर मोकळा असतो, तर वॅक्स पुरे. जुनी, ओरखडलेली असेल तर आधी पॉलिश करून घ्या. नाहीतर ओरखडे कोटिंगखाली तसेच चमकतात.