सॉइल टेस्टवाल्याच्या हॅमरचं वजन आधी बघा, मग रिपोर्ट बघा

सांगलीत आमचं चार मजल्याचं काम चालू आहे, नदीकडच्या बाजूला, खाली सगळा गाळ आणि काळी माती. अशा जमिनीत एसपीटी (हॅमरनं नळी जमिनीत ठोकून माती किती कडक ते बघायची टेस्ट) किती महत्त्वाची हे बांधकामवाल्यांना सांगायला नको. तर झालं असं की ज्या एजन्सीकडून दोन बोअर मारून घेतले त्यांचा रिपोर्ट एकदम छान आला, तीन मीटरवर एन व्हॅल्यू (ठोक्यांचा आकडा, जास्त म्हणजे माती कडक) १६, मागे हॅमरच्या कॅलिब्रेशन (माप तपासणी) सर्टिफिकेटची झेरॉक्स, त्यावर शिक्का ‘व्हॅलिड ३ वर्षं’. मी ते फाईलला लावलं आणि फुटिंगचं (पायाचं) डिझाईन करायला दिलं.

खड्डा काढल्यावर आमच्या आरसीसी कन्सल्टंट मॅडम आल्या. १२ एमएमची सळई हातानं दाबली तर ती वीतभर आत गेली. त्या म्हणाल्या, “ही १६ ची माती नाही, परत टेस्ट करा.” दुसऱ्या एजन्सीनं त्याच लेव्हलला केली, एन आला ११!

पहिल्या एजन्सीची गाडी तेव्हा शेजारच्याच प्लॉटवर होती, म्हणून मी सरळ तिथं गेलो. आयएस २१३१ या एसपीटीच्या भारतीय मानकाप्रमाणे हॅमर ६३.५ किलोचा आणि तो ७५ सेंमीवरून पडायला पाहिजे, आधीचे १५ सेंमी सोडून पुढच्या ३० सेंमीला किती ठोके लागले ते मोजतात. इथं रॉडवर ७५ ची खूणच नव्हती, पोरगा अंदाजानं दोर ओढत होता, टेप लावला तर कधी ६० कधी ६५. दोर जुना, ओला, ड्रमला तीन वेढे, म्हणजे हॅमर मोकळा पडतच नव्हता. भांडून तो हॅमर टेम्पोत घातला आणि ओळखीच्या हळदीच्या आडतीत नेला, तिथल्या पोत्यांच्या काट्यावर ठेवला, पिवळी धूळ उडाली आणि आकडा आला ५७.८. एजन्सीच्या मालकाला विचारलं तर म्हणे जुना तुटला म्हणून हा लोकल वर्कशॉपला करून घेतला.

आता मेख इथंच आहे. हॅमर हलका आणि पडतो कमी उंचीवरून, म्हणजे ठोक्यात जोर कमी, मग तेवढ्याच मातीत शिरायला ठोके जास्त लागतात आणि एन वाढतो. म्हणजे माती कच्ची असून कागदावर कडक! ५७.८ किलो आणि ६२ सेंमी धरून हिशोब केला तर पाहिजे त्याच्या ७५ टक्केच जोर, दोराचं घर्षण वेगळंच.

सर्टिफिकेटवरचा हॅमरचा नंबर आणि हॅमरवर कोरलेला नंबर जुळत नव्हता. त्या कॅलिब्रेशन लॅबला फोन केला, ते म्हणाले आम्ही असला शिक्का मारत नाही, पुढची तारीख गिऱ्हाइकानं मागितली तरच लिहितो, किती दिवसांनी करायचं हे ज्याचं साधन त्यानं ठरवायचं. शिवाय सर्टिफिकेटवर सालाचा आकडाही खोडून बदललेला निघाला. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) मान्यतेच्या सर्टिफिकेटवर यूएलआर नंबर (त्या सर्टिफिकेटचा स्वतःचा नंबर) असतो, तोच घेऊन लॅबला फोन करा, पाच मिनिटं लागतात, मी ती घालवली नाहीत आणि त्याचा मला अजून त्रास होतो.

मी आता सगळ्यांना हेच सांगतोय की वर्षातून एकदा कॅलिब्रेशन हे कमीत कमी धरा, पण तेवढ्यावर विसंबू नका. हॅमर बदलला, वेल्डिंग केलं की लगेच वजन. ड्रॉपची खूण रोज सकाळी टेपनं. स्पूनच्या (ठोकायच्या नळीच्या) शूची, म्हणजे टोकाची, धार प्रत्येक बोअरला बघायची, बोथट किंवा वाकलेली असेल तर तिथल्या तिथं बदलायला लावा, कारण तिनंही ठोके वाढतात. आणि सीपीटीवाले (टोकदार कोन जमिनीत दाबून टेस्ट करणारे) आले तर तो कोन आत घालायच्या आधी आणि बाहेर काढल्यावर झिरो रीडिंग (दाब नसतानाचं रीडिंग) तुमच्यासमोर घ्यायला लावा, दोन्हीत जास्त फरक आला तर ते रीडिंग घेऊ नका.

आमचं डिझाईन बदललं, फुटिंग मोठी झाली, दीड महिना गेला. पैसे पहिल्या एजन्सीनं अजून दिले नाहीत, फोन उचलत नाहीत. शेजारच्या प्लॉटवाल्या काकांना मी काट्याचा फोटो दाखवलाय, त्यांचा रिपोर्ट याच हॅमरचा आहे आणि त्यांचं पीसीसी (फुटिंगखालचं काँक्रीट) सोमवारी आहे, ते थांबवायला सांगितलंय.